‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे नेमका कोणता शुक्रवार?

समजा, आज मंगळवार आहे, 9 जून. आलापल्लीतल्या एका विद्यार्थिनीच्या मोबाइलवर कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मेसेज येतो: ‘सबमिट डॉक्युमेंट्स बाय नेक्स्ट फ्रायडे.’ एक मैत्रीण म्हणते, 12 तारीख. दुसरी म्हणते, नाही गं, 19.

शहरात असा गोंधळ झाला तर फार तर एक धावपळ होते. इथे एखादा दाखला अहेरीला तहसील कार्यालयात मिळतो, तर एखाद्या कागदासाठी गडचिरोली गाठावी लागते. तेवढ्यासाठी सुमारे शंभर किलोमीटर जायचे आणि तेवढेच परत यायचे. भामरागडकडच्या मुलांचे तर आणखी वेगळे. पर्लकोटा नदीला पूर आला की आलापल्लीकडे येणारा रस्ताच बंद होतो. त्यामुळे तारीख एका आठवड्याने चुकली, तर कधीकधी वर्ष जाते.

मग बरोबर कोण? खरे सांगायचे तर दोघीही. इंग्रजीत दिवस आणि मुदत सांगणारे बरेच शब्द मुळातच दोन अर्थांचे आहेत. ते नीट समजून घेऊ.

‘धिस फ्रायडे’ आणि ‘नेक्स्ट फ्रायडे’

‘धिस फ्रायडे’ म्हणजे याच आठवड्यातला, 12 जूनचा शुक्रवार. याबद्दल फारसा वाद नसतो. ‘नेक्स्ट फ्रायडे’ मात्र काही जण ‘आता जो पहिला येईल तो’ अशा अर्थाने वापरतात, म्हणजे 12 जून. बाकीचे तो ‘पुढच्या आठवड्यातला’ या अर्थाने वापरतात, म्हणजे 19 जून. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यातही हा वाद चालतो. त्यामुळे मेसेज कळला नाही म्हणून ‘माझे इंग्रजी कच्चे’ असे समजू नका.

मराठीत ‘येता शुक्रवार’ म्हटले की बहुतेकांना जवळचा शुक्रवार कळतो. ‘पुढचा शुक्रवार’ म्हटले की इथेही वाद सुरू.

‘बाय’, ‘बिफोर’ आणि ‘टिल’

‘बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारी किंवा त्याआधी. शुक्रवार धरलेला आहे. ‘बिफोर फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडण्याआधी, त्यामुळे गुरुवार हा शेवटचा दिवस. सरकारी जाहिरातींत ‘ऑन ऑर बिफोर’ लिहितात, त्यात ती तारीखही येते.

‘टिल’ वापरताना आपण मराठी माणसे हमखास चुकतो. त्याचे कारण आपला ‘पर्यंत’ हा शब्द. ‘शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे’ या दोन्ही वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘बाय’ आणि दुसऱ्यासाठी ‘टिल’. शिवाय ‘ऑफिस क्लोज्ड टिल फ्रायडे’ वाचून शुक्रवारी ऑफिस उघडे की बंद, हे नक्की कळत नाहीच. अशा वेळी ‘कोणत्या तारखेला उघडणार?’ एवढेच विचारा.

मीटिंग ‘फॉरवर्ड’ झाली म्हणजे आधी की नंतर?

‘वेन्सडेची मीटिंग टू डेज फॉरवर्ड केली आहे.’ आता मीटिंग सोमवारी की शुक्रवारी? भाषा आणि काळ यांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी भाषकांना नेमका हाच प्रश्न विचारून पाहिला आहे, आणि दोन्ही उत्तरे मिळाली आहेत. आपल्याला तो आणखी फसवतो, कारण मराठीत ‘पुढे ढकलली’ म्हणजे उशिरा होणार. इंग्रजीत ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे उलट, अलीकडे आणली. यावर भारतीयांचा ‘प्रीपोन’ हा शब्द सोपा तोडगा आहे. तो वापरला की मीटिंग आधी होणार, हे सगळ्यांना कळते.

‘वीकेंड’ आणि ‘वर्किंग डेज’

‘वीकेंड’ म्हणजे शनिवार-रविवार, हे खरे. पण कोणाचा शनिवार? महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. बँकांना 1 सप्टेंबर 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते, बाकीचे शनिवार चालू. दुकानदाराला सुटी असते ती गावाच्या रिवाजाप्रमाणे. म्हणून ‘फाइव्ह वर्किंग डेज’ म्हटले की ते कोणाचे कामाचे दिवस, हे आधी पाहा. नुसते ‘डेज’ लिहिले असेल तर सहसा सुट्याही मोजल्या जातात. माहिती अधिकार कायद्यातले 30 दिवस असेच मोजतात.

‘आठ दिवस’ किती दिवसांचे?

आपण ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो तेव्हा सोमवारच्या माणसाने पुढच्या सोमवारी यायचे असते, म्हणजे खरे तर सात दिवसांनी. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे चौदा. हेच इंग्रजीत शब्दशः ‘आफ्टर फिफ्टीन डेज’ लिहिले की एक दिवस सरकतो. ‘बायवीकली’ तर त्याहून वाईट. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे त्याचे दोन्ही अर्थ शब्दकोशात आहेत.

रात्रीचे बारा कोणत्या तारखेचे?

‘15 जून, 12 एएम’ म्हणजे 15 तारीख जिथे सुरू होते तो क्षण. 14 तारखेला जागून फॉर्म भरला तर भरला, 15 ला सकाळी पोर्टल बंद. हा घोळ टाळण्यासाठीच बऱ्याच ठिकाणी ‘11.59 पीएम’ लिहितात. परदेशी शिष्यवृत्ती असेल तर वेळ कोणत्या देशाची, तेही पाहा. अमेरिकी संकेतस्थळावर 06/07 म्हणजे 7 जून. आपण वाचतो 6 जुलै.

एका शब्दासाठी सर्वोच्च न्यायालय

हे फक्त व्हॉट्सअ‍ॅपपुरते नाही. दिवस कसे मोजायचे यावर सर्वोच्च न्यायालयात वाद झाला आहे, आणि त्याच्या मुळाशी ‘ऑफ’ आणि ‘फ्रॉम’ हे दोन छोटे शब्द होते.

चेक वटला नाही, तर चेक देणाऱ्याला नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवस मिळतात. तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात तक्रार करावी लागते. साकेत इंडिया नावाच्या कंपनीच्या प्रकरणात हे 15 दिवस 14 ऑक्टोबर 1995 रोजी संपले. तक्रारीचा हक्क 15 ऑक्टोबरला सुरू झाला आणि तक्रार दाखल झाली 15 नोव्हेंबरला. 15 ऑक्टोबर हा दिवस मोजला, तर महिना 14 नोव्हेंबरला संपतो आणि तक्रार एक दिवस उशिरा ठरते. तो दिवस सोडून मोजले, तर तक्रार मुदतीत.

जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, 1897 सांगतो की कायद्यात ‘फ्रॉम’ असेल तर पहिला दिवस सोडायचा. पण तक्रारीच्या कलमात शब्द होता ‘ऑफ’. मग नियम लागू होतो का? 1999 मध्ये न्यायालयाने सांगितले की इथे दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पहिला दिवस सोडा. तक्रार वाचली. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्याच वेगळ्या पीठाने निराळी मोजणी केली. शेवटी 2013 मध्ये इकॉन अँट्री कंपनीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पहिला दिवस सोडण्याची पद्धत कायम केली. एका दिवसाचा प्रश्न सुटायला अठरा वर्षे लागली.

आपल्या भागातले उदाहरण: वनहक्क कायदा

गडचिरोली-चंद्रपुरात ज्या कायद्याशी अनेक कुटुंबांची जमीन बांधलेली आहे, त्या 2006 च्या वनहक्क कायद्यातही हे शब्द आहेत. वनजमिनीवरचा ताबा ‘बिफोर’ 13 डिसेंबर 2005 असावा लागतो. म्हणजे ताबा 12 डिसेंबरला किंवा त्याआधी असायला हवा. 13 तारीख त्यात येत नाही.

दुसरी गोष्ट अपिलाची. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर ठरावाच्या तारखेपासून 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे अर्ज करता येतो. ठराव 26 जानेवारीचा असेल तर 27 जानेवारी हा पहिला दिवस धरा. जानेवारीचे 5, फेब्रुवारीचे 28 आणि मार्चचे 27 मिळून 60. लीप वर्ष नसेल तर शेवटचा दिवस 27 मार्च. ‘60 दिवस म्हणजे दोन महिने’ असे समजू नका. कायद्यात महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. तो 28 दिवसांचाही असतो आणि 31 चाही.

केंद्रीय कायद्यातल्या मुदतीचा शेवटचा दिवस कार्यालयाच्या सुटीचा निघाला, तर कार्यालय उघडेल त्या पुढच्या दिवशी केलेले काम मुदतीत धरले जाते. ही सवलतही जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्येच आहे. पण कॉलेजच्या मेसेजला किंवा खासगी पोर्टलला ती लागू होईल असे समजू नका.

थोडक्यात काय करायचे?

- शंका असेल तर लवकरची तारीख खरी माना आणि लगेच विचारून घ्या.
- विचारताना ‘नेक्स्ट फ्रायडे म्हणजे कोणता?’ एवढ्यावर थांबू नका. ‘शुक्रवार, 19 जून, सायंकाळी 5 पर्यंत, बरोबर ना?’ असे लिहा. समोरच्याला हो किंवा नाही म्हणणे सोपे जाते आणि लेखी पुरावाही राहतो.
- तारखेसोबत वार लिहा. दोन्ही जुळत नसतील तर चूक लगेच दिसते.
- महिना आकड्यात न लिहिता अक्षरात लिहा.
- कायद्याच्या मुदतीत पहिला दिवस सोडून मोजा, पण शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.
- मेसेज तुम्हीच टाकणार असाल तर ‘नेक्स्ट’, ‘वीकेंड’, ‘ईओडी’ हे शब्द गाळा आणि तारीख व वेळ घाला.

त्या विद्यार्थिनीनेही हेच करावे. ग्रुपवर तारीख घालून विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत 12 जूनच खरी मानून अहेरीची गाडी पकडावी.