दोन वर्षं, एक अल्बम

‘द एक्सप्लोडिंग हार्ट्‌स’. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलँडमध्ये २००१च्या सुमारास जमलेली चार पोरं. पंकचा दणका आणि गुणगुणता येईल अशी गोड चाल, म्हणजेच पॉवर पॉप, हा त्यांचा बाज. २००३च्या वसंतात ‘डर्टनॅप रेकॉर्ड्‌स’ या छोट्या स्वतंत्र कंपनीने त्यांचा ‘गिटार रोमँटिक’ काढला. गुलाबी-पिवळं मुखपृष्ठ, दहा गाणी, आणि सगळा ऐवज अर्ध्या तासाच्या आत आटोपणारा! ध्वनिमुद्रण मुद्दाम खरखरीत ठेवलेलं. शेजारच्या खोलीत जुना ट्रान्झिस्टर लागलाय असं वाटावं. ‘मॉडर्न किक्स’ एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यातून जात नाही. (सुरुवात यानेच करा.)

समीक्षकांनी अल्बम उचलून धरला. पण कौतुक कानावर पडेपर्यंत जुलै उजाडला. सॅन फ्रान्सिस्कोतला कार्यक्रम करून रातोरात परतताना, २० जुलैच्या पहाटे यूजीन शहराजवळ त्यांची व्हॅन उलटली. गायक-गिटारवादक ॲडम कॉक्स, बेसवादक मॅट फिट्झजेराल्ड आणि ड्रमर जेरेमी गेज गेले. वयं अनुक्रमे २३, २० आणि २१. गिटारवादक टेरी सिक्स आणि बँडची व्यवस्थापक तेवढे वाचले. बँड तिथेच संपला.

सुटी आणि अप्रकाशित गाणी २००६मध्ये ‘शॅटर्ड’ या संग्रहात आली. टेरीने पुढे ‘द नाइस बॉईज’मध्ये गिटार हाती घेतली. २००३चा तो अल्बम वीस वर्षांनी, २०२३मध्ये, ‘थर्ड मॅन रेकॉर्ड्‌स’ने नव्याने बाजारात आणला.