भोपाळ : वायू ओसरला, पाणी नासलेलंच

‘भोपाळचं प्रकरण 1984 सालचं. भरपाई वाटून झाली, मग ही मंडळी अजून आंदोलनं कसली करतात?’ हा प्रश्न जाणत्या माणसांकडूनही सतत येतो आणि दर वेळी त्यात दोन वेगळ्या घटनांची गल्लत असते. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट पसरलं, ती एक. भोवतालच्या वस्त्यांचं भूजल नासलं, ती दुसरी, आणि तिची सुरुवात त्या रात्रीच्याही आधीची. कीटकनाशकं बनवताना निघणारा विषारी कचरा वर्षानुवर्षं आवारातच टाकला जात होता. 1977 पासून सांडपाणी आवाराबाहेरच्या बाष्पीभवन तळ्यांत सोडलं जाई. तिथून ते विष मातीत आणि पुढे पाण्यात झिरपलं. त्यामुळे 1984 नंतर त्या वस्तीत संसार थाटलेली, वायूचा वासही न घेतलेली बाई बाधित असू शकते. 1989 ची 47 कोटी डॉलरची तडजोड मात्र वायुगळतीच्या दाव्यांपुरती होती. ‘भरपाई मिळाली ना’ हे त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

यावर उत्तर येतं, की पाण्याचा प्रश्न कार्यकर्त्यांनी फुगवलेला आहे. 1999 सालच्या ग्रीनपीसच्या अहवालावर विश्वास नसेल तर तो बाजूला ठेवा. भूजल दूषित असल्याचा निर्वाळा लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेनेही दिला आहे, आणि ती सरकारी संस्था आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने 2010 मध्ये शुद्ध करावी लागेल अशी माती सुमारे 11 लाख टन असल्याचा अंदाज मांडला. हे आकडे समोर असताना ‘कचरा जाळला, विषय संपला’ असं म्हणणं निव्वळ दिशाभूल आहे. जानेवारी 2025 मध्ये कारखान्यातून पीथमपूरला नेलेला आणि जूनअखेर जाळून संपवलेला कचरा 337 टनांचा, गोळा करून साठवलेला होता. जमिनीतलं विष जमिनीतच आहे.

न्यायालयाने आदेश दिला की काम होतं, हीसुद्धा भाबडी समजूत. या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सांगितलं. तरी 2006 मध्ये बाधितांना भोपाळहून दिल्लीपर्यंत चालत जावं लागलं. पाठपुरावा म्हणतात तो हाच, आणि तो बाहेरच्यांच्या चिथावणीने चालत नाही. 2004 चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळालेल्या रशिदा बी आणि चंपादेवी शुक्ला या स्वतः वायुपीडित आहेत. पुरस्काराच्या रकमेतून त्यांनी अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा केला.

‘पाणी उकळून प्या’ हा सल्लाही इथे कामाचा नाही: उकळल्याने जंतू मरतात, जड धातूंसारखं विष जात नाही. आणि या वस्त्यांच्या मदतीला डॉक्टर किंवा रसायनशास्त्रज्ञच लागतो असंही नाही: नोंदी ठेवणं, अर्ज लिहिणं, अहवाल सोप्या हिंदीत समजावणं, ही कामं कायम माणसांवाचून अडतात. मदतीला जायची इच्छा असेल तर कॅमेरा घेऊन दोन दिवसांसाठी जाऊ नका. तिथल्या संघटनांना आधी विचारा, त्या सांगतील ते काम करा, आणि काही महिने तरी टिका.