आई-बाबा लोणावळ्यात, मुले परदेशात: व्हिसाचे काय?

तळेगाव-लोणावळ्याच्या घरात आजारी आई किंवा वडील असतील, तर परदेशी नागरिक झालेल्या मुलांना सर्वांत मोठा आधार ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा. 2005 पासूनची ही सोय म्हणजे आजीवन व्हिसा. मुक्काम कितीही लांबला तरी परदेशी म्हणून पोलीस नोंदणी लागत नाही. कार्ड हातात यायला आठवडे जातात, म्हणून घरचे धडधाकट असतानाच अर्ज करून ठेवावा.

कार्ड नसेल तर भारतीय वंशाच्या व्यक्तीने ‘एन्ट्री व्हिसा’ मागावा. सलग 180 दिवसांहून जास्त राहायचे झाल्यास परदेशी नागरिकांसाठीच्या ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ई-पर्यटक व्हिसावर नातेवाइकांना भेटता येते, पण तो वाढवून मिळत नाही. ‘मेडिकल अटेंडंट’ व्हिसाच्या नावाने फसू नका: तो उपचारांसाठी परदेशातून भारतात येणाऱ्या रुग्णाच्या सोबत्यासाठी असतो. तातडीच्या वेळी भारतीय वकिलातीकडे रुग्णालयाचे पत्र जोडून विनंती करावी.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांना येण्याची अडचण नाही, परतण्याची असते. अमेरिकी ग्रीन कार्डधारकाला वर्षाहून अधिक काळ थांबायचे असेल, तर ‘री-एन्ट्री परमिट’चा अर्ज अमेरिकेत असतानाच भरावा लागतो. घाईत नेमके हेच राहून जाते.