पेशीला ‘कळते’ म्हणजे काय?

मागच्या व्याख्यानात आपण हेतू आणि कारण यांतला फरक पाहिला. आज तोच फरक एका जनुकावर तपासून बघू.

पाव ज्याने फुगतो त्या यीस्टच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. डीएनएची अक्षरे मोजली तर सुमारे १ कोटी २० लाख. विभाजनापूर्वी या सगळ्याची नक्कल व्हावी लागते, आणि तीही एकदाच. बरे, ती शेकडो ठिकाणांहून सुरू होते. मग कुठे झाली, कुठे राहिली, हे पेशीला कळते कसे?

अमेरिकेत लेलंड हार्टवेल यांनी तापमान वाढवले की विभाजन अडते अशी यीस्ट शोधून काढली. त्यातून विभाजनाची अनेक जनुके हाती आली आणि २००१ मध्ये त्यांना नोबेलही मिळाले. त्या जनुकांपैकी एक सीडीसी-६.

त्याचे प्रथिन करते काय? नक्कल जिथून सुरू व्हायची, तिथे ओआरसी हा प्रथिनांचा गट आधीच बसलेला असतो. सीडीसी-६ त्याला येऊन मिळते, आणि सीडीटी-१च्या मदतीने एमसीएम नावाची कडी डीएनएवर चढवली जाते. हीच कडी पुढे दोन धागे उलगडते. पण कडी चढली म्हणजे काम सुरू झाले असे नव्हे. त्यासाठी सीडीके हे एन्झाइम लागते. आणि गंमत बघा, तेच सीडीके सीडीसी-६वर फॉस्फेट चिकटवते. असे प्रथिन पेशी मोडून टाकते. जणू गाडी सुटते त्याच शिट्टीला तिकीट खिडकी बंद! ओआरसी आणि एमसीएम यांनाही सीडीके अडवते, म्हणजे कुलपे एकाहून अधिक.

तर मग पेशी हिशेब ठेवते, असे म्हणावे का? १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात पेशीत सीडीसी-६ नव्याने तयारच होऊ दिले नाही. नक्कल झाली नाही. तरीही पेशी थांबली नाही. नक्कल न झालेली गुणसूत्रेच ती दोन बाजूंना ओढू लागली. चालू नक्कल मध्येच अडली तर पेशीत धोक्याची घंटा वाजते. पण कामच सुरू झाले नसेल, तर ती वाजवणार कोण?

तेव्हा ‘पेशीला कळते’ असे आपण बोलण्याच्या ओघात जरूर म्हणावे. पण तेच उत्तर मानले, तर या प्रयोगातली पेशी का थांबली नाही, हे आपल्याला सांगता येणार नाही.