घरची मोटार शर्यतीच्या मैदानावर

मध्यमवर्गीय कुटुंबात मोटार येते ती साऱ्या घराची म्हणून येते. तिच्यावर आजीच्या दवाखान्याचा हक्क असतो, मुलांच्या शाळेचा असतो, लग्नसराईतील प्रवासाचाही असतो. अशा घरातला तरुण मुलगा एके दिवशी विचारतो, “बाबा, येत्या रविवारी गाडी ऑटोक्रॉसला नेऊ का?” वडिलांच्या कपाळाला आठी पडते. “अरे, सोमवारी मला याच गाडीने कचेरीत जायचे आहे!”

मुलाची हौस खोटी नव्हे आणि वडिलांची चिंताही अनाठायी नव्हे. या दोहोंचा मेळ घालता येईल काय, हाच या लेखाचा विषय आहे.

ऑटोक्रॉस ही शर्यत असली, तरी तीत एका गाडीने दुसरीला रेटून पुढे जायचे नसते. मोकळ्या मैदानावर वळणावळणांची छोटी वाट आखलेली असते. बहुधा एका वेळी एकच गाडी सोडतात आणि तिचा सामना घड्याळाशी असतो. अमेरिकेत वाहने उभी करण्याची विस्तीर्ण आवारे किंवा जुन्या धावपट्ट्या यांवर रबरी शंकू मांडून ही वाट आखतात. १९४४ साली स्थापन झालेल्या ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पाडलेल्या शंकूमागे दोन सेकंदांचा दंड होतो. ब्रिटनमध्ये गवताळ शेतात आणि आपल्या देशात बहुतेक ठिकाणी मातीच्या मैदानावर हा खेळ चालतो. वळणे इतकी जवळजवळ असतात की गाडी दुसऱ्या गिअरच्या पलीकडे क्वचितच जाते. म्हणूनच साध्या माणसाची साधी गाडी येथे हास्यास्पद ठरत नाही.

छोट्या गाडीच्या पराक्रमाला इतिहासाचा आधार आहे. १९५६ च्या सुवेझ पेचप्रसंगानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली व थोड्या इंधनात चालणाऱ्या गाडीची निकड भासू लागली. त्यातून ॲलेक इसिगोनिस यांनी रचलेली ‘मिनी’ १९५९ साली जन्मास आली. लांबी अवघी दहा फूट, एंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे व शक्ती ३४ अश्वशक्ती. इसिगोनिस तरुणपणी स्वतः ‘ऑस्टिन सेव्हन’ घेऊन शर्यतीत उतरत. तरीही ही गाडी सामान्य कुटुंबासाठीच आहे, असा त्यांचा आग्रह होता. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांना मात्र तिच्यात वेगळेच गुण दिसले. त्यांच्या प्रयत्नाने १९६१ साली ‘मिनी कूपर’ निघाली. तिचे एंजिन मोठे होते, तसेच तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसविले होते. १९६४ साली पॅडी हॉपकर्क यांनी याच वंशातील गाडीने माँटे कार्लोची रॅली जिंकली. वेग वाढविताना थांबण्याची शक्तीही वाढविली पाहिजे, हा त्या गाडीने घालून दिलेला धडा आजही जुना झालेला नाही.

आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील जुन्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती भरत. तेथे फियाट, हेरल्ड आणि अँबॅसडर या घरगुती गाड्या हौशी मंडळी मोठ्या उमेदीने पळवीत.

उदाहरणासाठी आपण सर्वांच्या परिचयाची मारुती ८०० घेऊ. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी प्रथम ग्राहकाच्या हाती पडली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तरी अद्याप कित्येक घरी ती जपलेली आढळते. एंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे. शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास; वजन सुमारे साडेसहाशे किलो. ओढ पुढच्या चाकांना आणि वजनाचा मोठा वाटाही पुढेच.

अशी गाडी वेगाने वळविली म्हणजे काय घडते? चालकासह वजन ७२० किलो, चाकांमधील रुंदी १.२ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर असे धरू. गुरुत्वाकर्षणाच्या सात-दशांश एवढ्या जोराने ती वळली, तर सुमारे २१० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. सरळ वाटेवर दोन्ही बाजूंस ३६० किलो असतात. वळणावर बाहेरच्या बाजूस ५७० आणि आतल्या बाजूस केवळ १५० उरतात. भार वाढला की टायरची पकडही वाढते, परंतु भाराच्या प्रमाणात नव्हे. बाहेरच्या टायरने जे मिळविले त्याहून आतल्याने अधिक गमावलेले असते. पुढची चाके आधीच भाराने दडपलेली. म्हणून स्टिअरिंग फिरविले तरी नाक बाहेरच्या बाजूस घसरत जाते.

यावर ‘स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवा’ हा उपाय गॅरेजात हमखास ऐकू येतो. हिशेब करून पाहावा. गाडी अडीच सेंटिमीटर खाली आणली, तर स्थलांतरित होणारा भार २१० वरून २०० किलोवर येतो. एवढ्या लाभासाठी मातीतल्या खड्ड्यावर एंजिनाचे तळपात्र फोडून घेणे शहाणपणाचे नव्हे. त्याऐवजी मागच्या आसाला मजबूत अँटी-रोल बार जोडल्यास भारबदलाचा अधिक वाटा मागची चाके उचलतात, पुढच्या चाकांना उसंत मिळते आणि गाडी मुकाट्याने वळते. मात्र ओल्या रस्त्यावर हीच गाडी मागून निसटू शकते. म्हणून बार असा असावा, की रविवारी संध्याकाळी तो सोडवून ठेवता येईल.

खर्चाचा क्रम कसा असावा? पहिला मान दुरुस्तीचा. झिजलेले बुश, सैल बॉल जॉइंट, आवाज करणारे बेअरिंग हे आधी बदलावे. एंजिनातील तेल वरच्या खुणेपर्यंत भरावे आणि धुळीच्या मैदानावरून परतल्यावर एअर फिल्टर न चुकता पाहावा.

दुसरा मान टायरचा. पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणावर सात-दशांश पकड असलेली गाडी ताशी साडेछत्तीस किलोमीटरने जाऊ शकते. पकड आठ-दशांश झाली, तर ताशी एकोणचाळीसने. प्रत्येक वळणावरचा हा अडीच किलोमीटरांचा लाभ एंजिनावर हजारो रुपये उधळूनही सहज मिळत नाही. हवेचा योग्य दाब शोधण्याची युक्ती तर जवळजवळ फुकटची आहे. पक्क्या जमिनीवर टायरच्या कडेला खडूने रेघा ओढाव्या व एक फेरी मारून पाहावे. खडू कडेच्या फार खालपर्यंत पुसला गेला असेल, तर हवा थोडी वाढवावी. काठापर्यंतही पुसला नसेल, तर कमी करावी. घरी निघण्यापूर्वी मात्र दाब पूर्ववत करावा.

तिसरा मान ब्रेकचा. ज्यास आपण ब्रेक ऑइल म्हणतो, ते हवेतील ओल शोषून घेते. ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि वारंवार दाबल्याने तापलेला ब्रेक ऐन वेळी पोकळ लागतो. ताजे ब्रेक ऑइल आणि चांगले पॅड यांस फार पैसे पडत नाहीत. आणि त्यांचा उपयोग सोमवारीही होतोच. त्यानंतर शॉक ॲब्सॉर्बर आणि सर्वांत शेवटी, पैसे उरलेच तर, एंजिन.

शर्यतीच्या सकाळी गाडी रिकामी करावी. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, पाण्याच्या बाटल्या खाली उतरवाव्या. डॅशबोर्डवर नुसता चिकटविलेला गणपतीही आदराने पिशवीत ठेवावा. सुटी वस्तू वळणावर गोळीसारखी सुटते. हेल्मेट आणि पट्टा यांविषयी तर बोलणेच नको. मग साऱ्या वाटेवरून एकदा पायी हिंडावे. मोटारीच्या शर्यतीत पायांचा एवढा उपयोग होतो, हे नवख्याला नवल वाटते!

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. उत्साही तरुण पुष्कळदा पोलादी नळ्यांचा पिंजरा गाडीत बसवितात. हेल्मेट घातलेल्या चालकाला तो प्राणदायी ठरतो. परंतु सोमवारी त्याच गाडीत शाळेला निघालेल्या लेकरांच्या उघड्या डोक्यांपासून तो वीतभर अंतरावर असतो. ज्याला पिंजरा हवा, त्याने शर्यतीसाठी निराळी जुनी गाडी घ्यावी. घरच्या गाडीचा नियम एकच: जे रविवारी संध्याकाळी काढून ठेवता येत नाही किंवा जे सोमवारीही हिताचे नाही, ते करू नये.

कायदाही याच बाजूचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारे फेरफार करू देत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल अमान्य केले. १८९ वे कलम परवानगीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा ठरविते. खाजगी गाडीच्या विम्यातूनही शर्यतीतील नुकसान सामान्यतः वगळलेले असते. मैदानात पत्रा चेपला, तर भुर्दंड आपल्याच खिशाला, हे घरात आधीच बोलून घेतलेले बरे.

आणि तरीही वडिलांनी होकार द्यावा, असे आम्हांस वाटते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत दगावली. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात मोडतात. वेगाची ओढ नुसत्या दटावणीने जात नाही; ती लपूनछपून रात्रीच्या रस्त्यावर उतरते. मैदानावर मात्र समोरून कोणी येत नाही, आडवे मूल धावत नाही आणि चूक झाली तर शंकू पडतो, माणूस नव्हे. आपण समजत होतो त्याहून आपली गाडी किती लवकर घसरते आणि किती उशिरा थांबते, हे ज्याने तेथे एकदा अनुभवले, तो सोमवारी रस्त्यावर पाय आपोआप सैल ठेवतो.

तेव्हा वडिलांनी मुलाला एवढेच म्हणावे, “ने गाडी, पण मीही बरोबर येतो. हवा तपासायला कोणीतरी हवेच ना!”