भाकरी, भात आणि रक्तातील साखर

सकाळी चहा-पाव किंवा चुरमुरे खाऊन शेतावर गेलेल्या माणसाला दहा-अकराच्या सुमारास पुन्हा भूक लागते. पिठले-भाकरी खाऊन गेलेला मात्र दुपारपर्यंत तग धरतो. याचे कारण पिष्टमय पदार्थांच्या प्रमाणात नसून ते पचण्याच्या वेगात आहे. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम, तर ज्वारीत ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. फरक फार नाही.

पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची साखळी. ज्वारीत या पिष्टाभोवती काफिरीन नावाच्या प्रथिनाचे वेष्टण असते आणि शिजवल्यावर ते अधिक घट्ट होते. शिवाय घरची ज्वारी कोंड्यासकट दळली जाते. त्यामुळे पाचकरस पिष्टापर्यंत सावकाश पोहोचतात. सडलेल्या तांदळाला असा अडसर उरत नाही. सोबत डाळ किंवा उसळ असेल तर भातही सावकाश पचतो.

निरोगी प्रौढाच्या रक्तात उपाशीपोटी सर्व मिळून जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर ग्लुकोज असते. ताटभर भातातून त्याच्या दहापट येते. ते एकदम आले की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते व साखर पेशींत ओढली जाते. काहींच्या बाबतीत दोन-तीन तासांनी ती मूळ पातळीच्याही थोडी खाली उतरते आणि भूक खवळते. मधुमेहात इन्सुलिन कमी पडते किंवा त्याचा परिणाम होत नाही, म्हणून साखर चढलेलीच राहते.

तथापि ज्वारी म्हणजे औषध नव्हे. चार भाकरी आणि नावापुरते कोरड्यास खाल्ले तरी साखर वाढणारच. एक भाकरी कमी करून मटकी-हरभऱ्याची उसळ वाढवावी. सगळी रब्बी ज्वारी बाजारात घालून घरी तांदूळ आणण्याची पद्धत वाढली आहे. घरात मधुमेही असल्यास निदान त्याच्यापुरती मालदांडी कणगीत राखून ठेवावी.

एका प्रसंगी मात्र भाकरी उपयोगाची नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याला उपाशीपोटी काम करताना दरदरून घाम, थरथर, चक्कर येऊ लागल्यास साखर उतरली असे समजावे. त्याला लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच द्यावी आणि मग जेवू घालावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखान्यात न्यावे.