‘ढ’ हा शिक्का कुणी मारला?

धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथक नावाच्या भिक्खूची कथा आहे. चार महिने झटूनही त्याला एक गाथा पाठ होईना. सख्खा थोरला भाऊ, तोही भिक्खूच, त्याला म्हणाला, विहार सोडून जा. तथागतांनी त्याला जाऊ दिले नाही. गाथा बाजूला ठेवून त्यांनी त्याच्या हाती एक पांढरे फडके दिले आणि ते चोळताना मळते कसे, ते पाहायला सांगितले. पाठांतरात हरलेला चुल्लपंथक त्या फडक्यातून अनित्यता शिकला आणि अर्हत झाला. कथेतला चमत्काराचा भाग सोडून द्या. गुरूने शिष्याला हाकलले नाही, शिकवण्याची पद्धत बदलली, एवढे लक्षात घ्या.

आज आपल्या वस्तीतल्या अशा मुलाच्या वाट्याला काय येते? ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘डोक्यात दगड भरलेत’. आणि पुष्कळदा त्यामागे न बोललेले एक वाक्य असते: यांच्यात शिक्षण नाहीच! मनुवादी व्यवस्थेने बुद्धी जन्मावर ठरवली. ती व्यवस्था कागदावरून गेली, पण फळ्यासमोरून गेली का?

विज्ञान काय सांगते? आपल्या मेंदूत जणू एक कारभारी असतो. सांगितलेले क्षणभर ध्यानात धरणे, मनाला आवर घालणे, एक वाट बंद झाली की दुसरी शोधणे, ही त्याची कामे. मेंदूचा कपाळामागचा भाग हे काम मोठ्या प्रमाणात पाहतो आणि तो विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. काही मुलांत ही घडण वेगळ्या रीतीने होते. कुणाला अक्षरे ओळखणे जड जाते, कुणाचे लक्ष एका जागी ठरत नाही, कुणी स्वमग्न असते. हा आळस नव्हे, आईबापाचे पाप नव्हे आणि मागच्या जन्मीचे कर्म तर नव्हेच नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात उत्तर गोव्यासह पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी झाली. सुमारे आठांतल्या एका मुलात असा काही ना काही फरक आढळला. घरी झालेले बाळंतपण, जन्मतः कमी वजन, खुरटलेली वाढ यांच्याशी त्याचा संबंध दिसला. म्हणजे ज्यांच्या वाट्याला दवाखाना आणि सकस अन्न कमी येते, त्यांच्या लेकरांना धोका जास्त!

आता जातीकडे या. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशात ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात उच्चारली नाही, तेव्हा दोन्ही गट बरोबरीत राहिले. सर्वांसमोर जात पुकारली आणि दलित मुले मागे पडली. मेंदू तेच, कोडी तीच. बदलली ती फक्त घोषणा. ‘गुणवत्ता, गुणवत्ता’ म्हणून आरक्षणावर तुटून पडणाऱ्यांनी या प्रयोगाचे उत्तर द्यावे.

गरिबीचेही तसेच. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तोच शेतकरी तोडणीआधी, हात रिकामा असताना, बुद्धीच्या चाचणीत कमी पडला आणि पैसा हाती आल्यावर सुधारला. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी सावकाराचे दार ठोठावणाऱ्या बापाला ‘अडाणी’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावे. ही गोष्ट म्हातारपणापर्यंत जाते. शिक्षणाचा अभाव हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक असल्याचे ‘लॅन्सेट’ आयोगाने नोंदवले आहे. आपल्या आजीला अक्षर नाकारले गेले, त्याची किंमत ती सत्तरीतही मोजते.

मग उपाय काय? उपाय कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. कलम १६ प्रमाणे अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून तसे शिकवणे हे शाळेचे कर्तव्य आहे. कलम १७ प्रमाणे दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण झाले पाहिजे. लक्ष न ठरणाऱ्या मुलांच्या अवस्थेचे नाव या अधिनियमाच्या सूचीत नाही, ही उणीव आहे. पण विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सवलत चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या अटीत अडकवता येत नाही, असा निवाडा दिला. वाजवी सोय ही भीक नाही, समतेचाच भाग आहे.

पण हक्क पोचतो कुणापर्यंत? महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना १९९६ पासून सवलती आहेत. जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. प्रमाणपत्राची वाट मात्र वर्षानुवर्षे मुंबईच्या सायन, नायर, केईएम या रुग्णालयांतून गेली. इंग्रजी शाळेतल्या पालकांना ती ठाऊक होती. मेहकर तालुक्यातल्या डोणगावच्या मजुराला हा शब्दच कुणी सांगितला नाही. ज्याच्या मुलाला नाव मिळाले, त्याला सवलत मिळाली. ज्याला नाव मिळाले नाही, त्याला ‘ढ’ मिळाले. ही नवी वर्णव्यवस्था नव्हे तर काय?

बुलढाण्याला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची सोय, मराठी चाचण्यांसह, ठरल्या वारी झाली पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास पालकांसाठी द्यावा. मूल वाचताना अडखळत असेल, तर मुख्याध्यापकांना कलम १६ चा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी विनंती हवेत विरते, पोच घेतलेला अर्ज फाइलला लागतो.

बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, ते पहिल्या बाकावरच्यांनाच म्हटले नव्हते. शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेला चुल्लपंथकही आपलाच आहे. त्याच्या हाती फडके कोण देणार, हे आता आपण ठरवायचे आहे.

जय भीम!